करवीरनगरीत आपले स्वागत

परिषदेचे अध्यक्ष, शिवाजी विद्यापीठाचे मान्यवर, महाराष्ट्रातून आणि शेजारच्या कर्नाटकातून आलेले अभ्यासक, ग्रंथपाल, अभिलेखपाल आणि कोल्हापूरकर बंधू-भगिनींनो,

आई अंबाबाईच्या आणि राजर्षी शाहू महाराजांच्या या नगरीत स्वागत समितीच्या वतीने मी आपणां सर्वांचे मनापासून स्वागत करतो. विद्यापीठांच्या दप्तरखान्यांतले स्थानिक इतिहासाचे संग्रह हा आपला विषय. मी शाहूपुरीतला गुळाचा अडत व्यापारी. ही पेठ महाराजांनी १८९५ साली वसवली. कोणत्या गावचा गूळ कधी, किती आणि काय दराने आला, हे आमच्या रोजमेळांत आणि खतावण्यांत सापडते. या विषयाशी माझे नाते तेवढेच, पण मला ते अभिमानाचे वाटते.

आमच्या गावाला कागदाची कदर जुनी आहे. करवीर नगर वाचन मंदिर १८५० सालचे, म्हणजे मुंबई विद्यापीठाहून सात वर्षांनी वडील. रंकाळा, खासबागचे मैदान आणि तालमी आपण पाहालच. बाबूराव पेंटरांनी इथेच महाराष्ट्र फिल्म कंपनी उभारली आणि १९२९ साली प्रभात फिल्म कंपनीचा जन्मही इथलाच. बाबूरावांच्या कंपनीचे बहुतेक मूकपट आज पाहायला मिळत नाहीत, याची हळहळ प्रत्येक कोल्हापूरकराला आहे. जपले नाही तर काय जाते, हे आम्ही असे शिकलो.

आज मला एका माणसाचे नाव मुद्दाम घ्यायचे आहे. राजाराम कॉलेजात प्रा. के. जी. कुंदणगार कानडी शिकवत. कोल्हापूरच्या शिलाहार राजांचे कोरीव लेख संस्कृतात आणि कानडीत. त्यामुळे कोल्हापूरचा इतिहास वाचायला मोडी लागते तशी जुनी कानडीही लागते. ते काम कुंदणगारांनी अंगावर घेतले. उत्तर कर्नाटकातल्या आणि कोल्हापूर संस्थानातल्या कोरीव लेखांचा त्यांचा ग्रंथ १९३९ साली आला. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीच्या सुरुवातीच्या शोधकामातही ते होते. पुढे १९४५-४६ साली डेक्कन कॉलेजच्या सांकलिया आणि दीक्षित यांनी तिथे उत्खनन केले. ब्रह्मपुरीत मिळालेली समुद्रदेव पोसायडनची ब्राँझची मूर्ती टाउन हॉलच्या संग्रहालयात आहे. आमच्या गावाचा व्यापार किती दूरवर पोचला होता, हे ती सांगते. परिषद संपल्यावर ती पाहिल्याशिवाय कोणी गाव सोडू नये. कन्नड साहित्यविश्वाने कुंदणगारांना १९६१ साली गदगच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद दिले. ज्या गावासाठी ते दगडधोंड्यांतून हिंडले, त्या गावातल्या तरुणांना मात्र त्यांचे नाव माहीत नाही. ते आज या मंडपात उच्चारले गेले, याचे मला फार समाधान आहे.

शिवाजी विद्यापीठ १९६२ साली स्थापन झाले आणि पहिले कुलगुरू लाभले तेही इतिहाससंशोधक, डॉ. आप्पासाहेब पवार. ताराबाईकालीन कागदपत्रांचे आणि शाहू छत्रपतींच्या कागदपत्रांचे खंड त्यांनी हाती घेतले. राजदरबारचा कागद त्यामुळे अभ्यासकांपर्यंत पोचला. आता पाळी रयतेच्या कागदाची आहे. सहकारी सोसायट्यांची प्रोसिडिंग बुके, बोर्डिंगांचे दाखले, तालमींचे जमाखर्च, अडत दुकानांच्या वह्या अजून माळ्यांवर आणि तळघरांत पडून आहेत. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनी आम्हाला धडा दिला आहे. पंचगंगेचे पाणी घरात शिरले की माणूस आधी जिवाचा आणि जनावरांचा विचार करतो. दप्तराकडे कोण पाहणार? म्हणून हा ठेवा टेकडीवरच्या विद्यापीठात जावा. माझी एकच विनंती आहे. ज्या गावाचा कागद, त्या गावच्या वाचनालयाला त्याची सूची आणि वाचण्याजोगी प्रत मिळावी. गावाने विश्वासाने दिलेले गावाला वाचता आले, तर पुढचा माणूस आपली पेटी उघडेल.

व्यवस्थेत उणिवा राहिल्या आहेत, त्याची मला कल्पना आहे. सर्वांची सोय एकाच ठिकाणी करता आली नाही. काहींना वसतिगृहात, तर काहींना मंगल कार्यालयात उतरावे लागले. पहाटे गरम पाण्याची थोडी ओढाताण झाली, त्याबद्दल क्षमा असावी. ज्येष्ठांना जिने चढावे लागले, याची खंत आहे. त्यांच्यासाठी उद्या तळमजल्यावर बसण्याची सोय केली आहे. जेवणात तांबडा-पांढरा रस्सा आहे आणि शाकाहारी पंगत वेगळी आहे. तिखट जड वाटले तर वाढप्यांना हक्काने सांगा.

हा भार एकट्या समितीने पेलला नसता. गुळाच्या आणि धान्याच्या व्यापाऱ्यांनी शिधा दिला, दूध उत्पादकांनी दूध दिले, मंडपवाल्यांनी मजुरीपुरतेच पैसे घेतले. छापखान्याने पत्रिका विनामूल्य छापल्या. बचत गटांच्या भगिनी पहाटेपासून स्वयंपाकघरात आहेत. तालमींची पोरे स्टँडवर आणि स्टेशनवर तुमची वाट पाहत रात्रभर उभी होती. आपले नाव घेऊ नका, असे सांगून मोठी रक्कम देणारेही आहेत. या सर्वांचा मी ऋणी आहे.

आमच्या पेठेच्या वतीने एक शब्द देतो. मी माझ्या गादीच्या जुन्या वह्या विद्यापीठाला देणार आहे, आणि पेठेतल्या प्रत्येक दुकानदाराने तसेच करावे म्हणून दारोदार जाणार आहे. आपण इथे मोकळेपणाने चर्चा करावी, आमच्या गावाला कामाला लावावे. पुन्हा एकवार सर्वांचे स्वागत करतो.

जय हिंद, जय महाराष्ट्र!