कुर्डुवाडीवरून गेलेलें पाणी



ज्या वाटेनें १८९७ सालीं बार्शीची छोटी आगगाडी धांवूं लागली, त्याच वाटेनें एप्रिल २०१६ मध्यें मिरजेचें पाणी कुर्डुवाडीवरून तहानलेल्या लातुरास गेलें. पहिल्या खेपेस दहा वाघिणी, पांच लाख लिटर! पुढें सप्टेंबर २०२५ मध्यें याच माढा तालुक्यांत सीनेच्या महापुरानें घरें व उभीं पिकें बुडविलीं.

अवर्षण आमच्या मुलखास नवें नाहीं, पूरही नाहीं. परंतु दोहोंना धार लावणारी उष्णता एकच आहे. कोळसा व खनिज तेल जाळून मनुष्यानें हवेंत कर्बवायु सोडला आणि पृथ्वी तापली. हवा एका अंशानें तापली कीं सुमारें ७ टक्के अधिक बाष्प धरूं शकते. अशी हवा उघडिपींत जमिनीची ओल शोषते, आणि बरसूं लागली म्हणजे आवरत नाहीं.

उजनीचें धरण जवळ, म्हणून ऊस वाढवीत जाणें मला तरी शहाणपणाचें वाटत नाहीं. ज्वारी थोडक्या ओलीवर तग धरते. कोळशाचा प्रश्न एकटी कुर्डुवाडी सोडविणार नाहीं. शेताचे बांध नीट करणें व ओढ्यांचीं बुजलेलीं पात्रें मोकळीं करणें मात्र येत्या मृगापूर्वीं होऊं शकेल.