अख्खा कळप फोकसमध्ये

(रेडिओवरील भाषण)



परभणीहून गंगाखेडकडे जाताना पोखर्णी लागतं. नृसिंहाच्या दर्शनाला येणाऱ्यांना ते ठाऊक आहे आणि परळीच्या गाडीने जाणाऱ्यांनाही. आज मला बोलायचंय ते पोखर्णीच्या आसपासच्या, आणि एकूणच परभणी जिल्ह्यातल्या सपाट काळ्या रानाबद्दल. रब्बीच्या दिवसांत हरभऱ्याच्या, ज्वारीच्या कडेला हरणांचे कळप उतरतात, हे इथल्या शेतकऱ्याला सांगायला नको. अलीकडे त्या कळपांकडे बघणारी आणखी काही माणसं रानात दिसायला लागली आहेत. हातात नवाकोरा कॅमेरा, पुढे लांब लेन्स आणि वय विशीच्या आतबाहेर. आजचं बोलणं मुख्यतः या मुलामुलींसाठी आहे.

त्यांची एक तक्रार नेहमीची. "एकट्या हरणाचा फोटो झकास येतो. पण कळपाचा काढला की एखादंच जनावर स्पष्ट येतं, बाकीची सगळी धूसर. अख्खा कळप फोकसमध्ये कसा आणायचा?"

प्रश्न रास्त आहे, कारण आपलं हे हरीण, म्हणजे काळवीट, कळपाने जगणारं जनावर आहे. काळा नर, त्याच्या भोवतीच्या फिक्या तपकिरी माद्या, त्यांची पिल्लं, कडेला उभे तरुण नर, हे सगळं मिळून त्याचं जगणं बनतं. एकट्या नराच्या फोटोत त्याची पिळाची शिंगं दिसतात, पण तो कुणाबरोबर राहतो ते दिसत नाही. म्हणून कळपाचा फोटो शिकून घ्यावा असं मला मनापासून वाटतं.

आधी कारण समजून घेऊ. कॅमेरा एका वेळी एकाच अंतरावर फोकस करतो. तुमच्यासमोर रानात एक भलीमोठी काच उभी केली आहे, कॅमेऱ्याला समांतर, अशी कल्पना करा. त्या काचेवर जे येईल ते सगळ्यात स्पष्ट. काचेच्या थोडं पुढे आणि थोडं मागे असलेलंही डोळ्याला स्पष्टच वाटतं. या जाडीला डेप्थ ऑफ फील्ड म्हणतात. आपण तिला स्पष्टतेचा पट्टा म्हणू. पट्ट्यात उभं असलेलं प्रत्येक जनावर फोटोत स्पष्ट येतं आणि पट्ट्याबाहेरचं धूसर होतं.

हा पट्टा किती रुंद असतो? सुरुवातीला बहुतेकांकडे एपीएस-सी सेन्सरचा कॅमेरा आणि ३०० मिलिमीटरपर्यंत जाणारी झूम लेन्स असते. ती ३००वर नेली, हरीण ३० मीटरवर आहे आणि अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्समधलं प्रकाश आत येण्याचं भोक, एफ ५.६वर आहे, तर पट्टा सुमारे सव्वादोन मीटरचा होतो. काळविटाचं शरीर साधारण सव्वा मीटर लांब असतं. म्हणजे एकामागे एक दोन हरणं उभी राहिली की पट्टा संपला. तिसरं धूसर येणारच. त्यात कॅमेऱ्याचा दोष नाही आणि तुमचाही नाही.

पट्टा रुंद करायचे तीन मार्ग आहेत. पहिला, अ‍ॅपर्चर बारीक करणं. एफ ५.६ऐवजी एफ ८ ठेवलं तर तोच पट्टा सव्वातीन मीटरच्या आसपास जातो, एफ ११वर साधारण साडेचार मीटर होतो. त्यापुढे एफ १६, एफ २२ असं जात राहू नये. भोक फार बारीक झालं की प्रकाश पसरतो आणि सगळंच चित्र थोडं मऊ पडतं. कळपासाठी एफ ८ ते एफ ११ हा चांगला पल्ला.

दुसरा मार्ग, अंतर वाढवणं. याचा फायदा फार मोठा आहे आणि नवख्यांच्या तो लक्षात येत नाही. अंतर दुप्पट केलं की पट्टा चौपट होतो. ३० मीटरवर एफ ८ला जो सव्वातीन मीटर होता, तो ६० मीटरवर जवळजवळ तेरा मीटर होतो. अख्खा छोटा कळप त्यात मावतो. तिसरा मार्ग, झूम कमी करणं. ३०० मिलिमीटरवरून १५० वर आलात तर पट्टा तितकाच, म्हणजे चौपट वाढतो. यावर कुणी म्हणेल, जनावरं लहान दिसतील, मग फोटो कापून मोठा करावा लागेल. खरं आहे, आणि मोठा केला की धूसरपणाही मोठा होतो, त्यामुळे निम्मा फायदा जातो. पण निम्मा उरतोच. शिवाय फोटोत रान येतं, बांध येतो, मागची तूर येते. कळप कुठे राहतो ते कळतं.

म्हणजे कळपाच्या फोटोसाठी जवळ जायची धडपड उलटी पडते. दूर थांबलेल्या माणसाला जास्त मिळतं, आणि जनावरंही बुजत नाहीत.

आता फोकस नेमका कुणावर धरायचा? पट्टा एक तृतीयांश पुढे आणि दोन तृतीयांश मागे असतो, असं एक सूत्र बऱ्याच जणांनी ऐकलेलं असतं. लांब लेन्सने काढलेल्या प्राण्यांच्या फोटोला ते लागू पडत नाही. आपल्या ३०० मिलिमीटरच्या उदाहरणात पट्टा फोकसच्या पुढे आणि मागे जवळपास सारखाच पसरतो. म्हणून तीन हरणं तीन अंतरांवर असतील तर मधल्यावर फोकस धरा. दोन असतील आणि दोन्ही पट्ट्यात मावत नसतील, तर जवळच्या हरणाच्या डोळ्यावर धरा. बघणाऱ्याची नजर आधी जवळच्या चेहऱ्यावर जाते. तो स्पष्ट असला की मागचं धूसर हरीण खटकत नाही.

हल्लीचे कॅमेरे प्राण्याचा डोळा आपोआप शोधतात. एकट्या जनावराला ही सोय उत्तम. कळपात मात्र कॅमेऱ्याला पाच-दहा डोळे दिसतात आणि तो एकावरून दुसऱ्यावर उड्या मारत राहतो. अशा वेळी ती सोय बंद करून एकच छोटा फोकस बिंदू निवडा आणि तो तुम्ही ठरवलेल्या हरणावर ठेवा. जनावरं चालती असतील तर फोकस सतत चालू राहील अशी पद्धत लावा.

हे झालं कॅमेऱ्याचं. पण माझ्या मते या कामातला मोठा भाग कॅमेऱ्याबाहेर आहे. पट्टा रुंद करण्यापेक्षा सगळी जनावरं आपसूक एका अंतरावर येतील अशी जागा आणि अशी वेळ धरणं जास्त मोलाचं आहे. त्या उभ्या काचेवर दहा हरणं ओळीने आली, तर एफ ५.६लाही दहाच्या दहा स्पष्ट येतील. आणि अशी वेळ येते. कळप चरताना विखुरलेला असतो, पण बांध ओलांडताना, गाडीवाट पार करताना हरणं बहुतेकदा एकामागून एक जातात. त्यांची वाट आपल्यासमोरून आडवी जाईल अशा ठिकाणी तुम्ही बसलेले असाल, तर ती सगळी तुमच्यापासून जवळपास सारख्याच अंतरावर असतात. तुम्ही त्यांच्या वाटेवर समोर बसलात तर पहिलं स्पष्ट येतं आणि उरलेली रांग धूसर होत जाते. कळप एकच, क्षण एकच, फरक फक्त तुमच्या जागेचा.

दोन नर शिंगांना शिंगं भिडवतात तेव्हाही हेच. बाजूने पाहिलं तर दोघंही एका रेषेत. मादी पिल्लाला चाटत असते तेव्हा दोघांचे चेहरे एका अंतरावर येतात. काही खुट्ट झालं की चरणारी हरणं एकदम माना वर करतात आणि एकाच दिशेला बघतात. तो क्षण कळपाच्या फोटोचा. पण त्यासाठी टाळी वाजवायची नाही, ढेकूळ फेकायचं नाही. रानात काही ना काही वाजतंच. वाट बघावी.

उजेडाबद्दल दोन गोष्टी. अ‍ॅपर्चर बारीक केलं की प्रकाश कमी येतो, आणि सकाळी तो आधीच कमी असतो. तरी शटरचा वेग सोडू नका. चरणाऱ्या हरणांना सेकंदाचा पाचशेवा भाग, पळणाऱ्यांना हजारावा किंवा दोन हजारावा. काळवीट जिवाच्या आकांताने पळतं तेव्हा ताशी ८० किलोमीटरपर्यंत वेग गाठतं. त्या वेगाला सेकंदाच्या हजाराव्या भागातही ते दोन सेंटिमीटर पुढे सरकतं. म्हणून उजेडाची भरपाई आयएसओ वाढवून करा. ८००, १६००, गरज पडली तर ३२००. फोटोत दाणे येतील. ते नंतर बरेचसे कमी करता येतात, पण हललेलं चित्र पुन्हा स्थिर करता येत नाही.

दुसरी गोष्ट आपल्या मातीची. काळी जमीन लवकर तापते. ऊन चढलं की रानावर हवा थरथरायला लागते, आणि मग साठ-सत्तर मीटरवरचं काहीच स्पष्ट येत नाही, लेन्स कितीही महागाची असो. सकाळी ऊन कोवळं आहे तोवर किंवा संध्याकाळी उतरत्या उन्हात काम करा. हरणंही तेव्हाच मोकळ्या रानात चरतात.

ज्यांच्याकडे कॅमेरा नाही त्यांनी मागे राहू नये. मोबाईलचा सेन्सर लहान आणि लेन्स आखूड, त्यामुळे त्याचा स्पष्टतेचा पट्टा फार रुंद असतो. रान, कळप, आभाळ सगळं एकदम स्पष्ट येतं. जनावरं बारीक दिसतात, पण बोटांनी चित्र ताणून मोठं करू नका. अख्ख्या शिवारात कळप कुठे उभा आहे, तो फोटो मोबाईलवर छान निघतो.

आणि सरावासाठी हरणंच हवीत असं नाही. धनगराचा मेंढ्यांचा कळप, संध्याकाळी घराकडे फिरणारी गुरं, नांगरटीच्या वेळी ट्रॅक्टरमागे उतरणारे गायबगळे, यांच्यावर सगळं शिकता येतं. आज एफ ५.६, उद्या एफ ८, परवा एफ ११, असं एकाच जागेवरून काढून घरी शेजारी शेजारी लावून बघा. जमायला लागलं की नगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या रेहेकुरीला जा. कर्जत तालुक्यातलं हे छोटं अभयारण्य १९८०मध्ये खास काळविटांसाठी जाहीर झालं. दोन चौरस किलोमीटरहून थोडंच मोठं, पण मोकळ्या माळावर कळप बघायला फार चांगलं.

आता जी गोष्ट मी सगळ्यात कळकळीने सांगणार आहे ती ऐका. हे रान कुणाच्या तरी पोटापाण्याचं आहे. कोवळा हरभरा हरणांनी खाल्ला की शेतकऱ्याचं वर्ष उणं होतं. वन विभागाकडून पंचनामा होऊन भरपाई मिळते, पण त्यासाठी खेटे घालावे लागतात. अशा माणसाच्या उभ्या पिकातून आपण फोटोसाठी चालत गेलो तर हरणांत आणि आपल्यात काय फरक राहिला? आधी रामराम घाला. "काका, बांधावर बसू का?" म्हणून विचारा. कळप रोज कुठून येतो, कुठे पाणी पितो, हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नसतं. तुम्हाला जी जागा शोधायला महिना लागेल ती ते उभ्या उभ्या दाखवतील. काढलेला फोटो त्यांना नेऊन द्या.

आणि मोटारसायकल घेऊन कळपामागे लागू नका. काळवीट १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, आणि त्या कायद्यातल्या शिकारीच्या व्याख्येत प्राण्याला हाकणंही येतं. गाभण मादी, नुकतं उभं राहिलेलं पिल्लू, यांना पळवून मिळालेला फोटो घरात लावण्याच्या लायकीचा नसतो.

शेवटी, अख्खा कळप स्पष्ट यावा यासाठी एवढा आटापिटा कशाला? फोटो सुंदर दिसतो म्हणून, हे तर आहेच. पण त्याहून मोठं कारण असं, की स्पष्ट कळप मोजता येतो. आपल्या राज्यातल्या जलाशयांवर हिवाळ्यात पट्टकदंब हंस येतात. मंगोलियात मानेत क्रमांकाचा पट्टा घातलेले असे हंस महाराष्ट्रात पक्षिमित्रांच्या फोटोंवरून ओळखले गेले आहेत. थव्यातला पुढचा एकच हंस स्पष्ट आला असता आणि पट्टा मागच्याच्या मानेत असता, तर तो हंस कुठून आला हे कुणाला कळलंच नसतं. दर जानेवारीत आशियाभर पाणपक्ष्यांची गणना होते. आपल्या देशात ती १९८७पासून चालू आहे आणि त्यात तुमच्यासारखे हौशी लोकच राबतात. हरणांचंही तसंच. कळपात काळे नर किती, माद्या किती, या वर्षीची पिल्लं किती, हे चांगल्या फोटोवरून घरी बसून मोजता येतं.

म्हणून एवढं करा. कळपाचा जो फोटो स्पष्ट येईल त्याच्याखाली तारीख, वेळ, शिवाराचं नाव आणि नर, माद्या, पिल्लं यांचा आकडा लिहून ठेवा. पुढच्या हिवाळ्यात त्याच बांधावरून पुन्हा काढा, पुन्हा लिहा. पोखर्णीतल्या दोघा-तिघांनी आणि शेजारच्या गावांतल्या आणखी काहींनी हे नेमाने केलं, तर आपल्या शिवारातली हरणं वाढताहेत की घटताहेत, हे सांगायला बाहेरून कुणी यावं लागणार नाही. शेतकऱ्याची नुकसानीची तक्रार असो की हरणांच्या रक्षणाची मागणी, दोन्ही बाजूंना बोलायला मग खरा आकडा हाताशी असेल.