विश्वस्तांकडे हिशोब कधीपर्यंत मागता येतो?



आम्ही बँकेतले कारकून, वकील नव्हे. पण काउंटरवर लोक पासबुकाबरोबर कायदाही विचारतात. "विहाराची जागा जुन्या विश्वस्ताने विकली, बारा वर्षे उलटली, आता दावा बुडाला ना?" बारा वर्षे म्हटले की माणसे गप्प बसतात, याचे आम्हाला वाईट वाटते.

१९६३ च्या मुदतीच्या कायद्याचे कलम १० सांगते की, विशिष्ट हेतूसाठी ज्याच्या हाती मालमत्ता सोपवली, त्या विश्वस्ताकडून किंवा त्याच्या वारसांकडून ती परत मिळवण्याच्या अथवा तिचा हिशोब मागण्याच्या दाव्याला काळाची मर्यादा नाही. नुसत्या हलगर्जीपणाची भरपाई मागायची असेल तर मात्र या कलमावर विसंबू नये.

विद्यार्थ्यांनी यामागचा इतिहास ध्यानात ठेवावा. १९२१ साली प्रिव्ही कौन्सिलने ठरवले की मठाचा महंत हा कायद्याच्या अर्थाने विश्वस्त नव्हे. झाले! व्यवस्थापकांना मुदतीची ढाल मिळाली. शेवटी १९२९ साली कायद्यात दुरुस्ती करावी लागली, आणि हिंदू, मुस्लिम व बौद्ध धार्मिक वा धर्मादाय मालमत्तेचा व्यवस्थापक हा विश्वस्तच मानावा, असे स्पष्टीकरण आले. बौद्ध हा शब्द त्यात तेव्हापासून आहे.

मग ज्याने पैसे मोजून जागा घेतली त्याचे काय? सर्वसाधारण नियमाने त्याच्याविरुद्ध बारा वर्षे, तीही व्यवहार कळल्यापासून. मूर्ती, भांडी अशा जंगम वस्तूंना तीनच. परंतु महाराष्ट्रात १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ५२-अ ने स्थावर मालमत्तेपुरते हे बंधनही काढले आहे. अट एवढीच की न्यास नोंदणीकृत हवा. दाव्यासाठी हितसंबंध असलेल्या किमान दोघांनी धर्मादाय आयुक्तांची लेखी संमती घ्यावी लागते.

कायदा थांबतो, कागद थांबत नाही. साक्षीदार वारतात, पावत्यांना वाळवी लागते. आमच्याच संस्थेच्या परिशिष्ट १ मध्ये जागेचा जुना सर्व्हे नंबर आहे, सातबाऱ्यावर गट नंबर. दोन्ही जागा एकच, हे उद्या कोर्टात कोण सांगणार? दुरुस्तीचा अर्ज आम्ही पुढच्या महिन्यात देत आहोत. जुन्या वर्गणीच्या किंवा सारा भरल्याच्या पावत्या ज्यांच्या घरी असतील त्यांनी रविवारी कार्यालयात आणून दाखवाव्यात.