टेंभी नाक्यावरून डोंगरवाटांकडे

ठाणे जिल्ह्यातील डोंगरवाटा सर्व ताकदीच्या पायांना पुरतात. सर्वांत सोपी वाट येऊरची. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या या पूर्व भागात ठाणे शहरातल्या टेंभी नाक्यावरून रिक्षाने सहज पोहोचता येते. येऊरचा डांबरी रस्ता ज्येष्ठांनाही झेपतो. आत मात्र बिबट्याचे राज्य, त्यामुळे वनखात्याच्या नियमांपलीकडची हौस नको.

मधली पायरी मलंगगडाची. कल्याणहून बसने पायथा गाठला की पीरमाचीपर्यंत पायऱ्या आहेत. तिथल्या दर्ग्याला जाणारे भाविक त्या रोज चढतात. त्यापुढचे प्रकरण वेगळे. बालेकिल्ल्याकडे जाताना तुटलेल्या कड्यावर पाइपावरून पलीकडे जावे लागते. दोर आणि अनुभव नसेल तर माचीवरूनच परतणे शहाणपणाचे.

खरा दम लागतो तो माहुलीला. कसारा मार्गावरच्या आसनगाव स्थानकाजवळचा हा किल्ला समुद्रसपाटीपासून सुमारे 850 मीटर उंच आहे. पायथ्याला शिवमंदिर, पुढे दाट जंगल, खडी चढण आणि माथ्याजवळ लोखंडी शिडी. माहुली, भंडारगड आणि पळसगड असे त्याचे तीन भाग. निजामशाही वाचवण्याची शहाजीराजांची धडपड 1636 साली याच गडावर संपली.

राहिला प्रश्न वाट सापडण्याचा. फ्रान्समध्ये 1947 पासून लांब पल्ल्याच्या पायवाटांवर पांढरे-तांबडे पट्टे रंगवले जातात. अनोळखी माणूसही त्यांच्या आधाराने चालतो. सह्याद्रीत अशी खूण क्वचित, म्हणून पायथ्याच्या गावातला वाटाड्या घ्यावा. माहुलीसाठी पाणी भरपूर न्यावे आणि पहाटेची कसारा लोकल पकडावी.