पुरातून उरलेला डायोड

(मंडळाच्या गणेशोत्सवातील भाषणाचा संपादित भाग)

 

ऑगस्ट २००६ मध्ये उकाईचं पाणी सुटलं आणि तापी आपल्या घरांत शिरली. आमच्या तळमजल्यावर नानांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, ट्रान्झिस्टर होता. जळगावहून सुरतेला नोकरीसाठी येताना आणलेला. पाणी ओसरल्यावर तो चिखलात सापडला. मी भंगारात टाकायला निघालो. नाना म्हणाले, "आधी उघडून तर बघ."

उघडला. स्पीकरचा कागद फाटला होता, बोर्डावरचं तांबं हिरवं पडलं होतं. इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर सोडून दिले. जुने झाले की ते आतून सुकतात. पण फेराइट रॉड आणि त्यावरची कॉइल शाबूत होती. गँग कंडेन्सर स्वच्छ पाण्यानं धुऊन वाळवला. आणि ओए-७९ हा इवलासा जर्मेनियम डायोड काचेत बंद असल्यानं कोरडाच राहिला होता. सोल्डर सोडवताना त्याचा पाय चिमट्यात धरला, म्हणजे उष्णता चिमटा ओढून घेतो.

नवा सिलिकॉन डायोड का नाही? त्याला जागं व्हायला सुमारे ०.६ व्होल्ट लागतात, जर्मेनियमला ०.२ ते ०.३ पुरतात. एरियलवर येणारा सिग्नल फार क्षीण असतो.

पुढच्या मे महिन्यात जळगावला गेलो. माझ्या मुलीनं गच्चीवर लांब तार बांधली, अर्थिंगची तार नळाच्या लोखंडी पाइपला जोडली. कॉइल, गँग, डायोड आणि विकत घेतलेला एक क्रिस्टल इअरफोन, बस. ना सेल, ना वीज, लहरींच्याच ताकदीवर. गँग फिरवता फिरवता जळगाव आकाशवाणी लागली. तिनं इअरफोन आजोबांच्या कानाला लावला. अहिराणी गाणं चालू होतं. नाना काही बोलले नाहीत. इअरफोन मात्र परत देईनात.

म्हणून विनंती एवढीच. रेडिओ दुरुस्त होण्यासारखा असेल तर दुरुस्तच करा. नसेल, तर भंगारवाल्याला देण्यापूर्वी सेल काढून मुलांना उघडू द्या. मात्र विजेवर चालणारा व्हॉल्व्हचा रेडिओ त्यांच्या हाती देऊ नका. प्लग काढल्यावरही त्याच्या कंडेन्सरमध्ये जबर झटका देण्याएवढी वीज उरलेली असू शकते.

गणपती बाप्पा मोरया!