बाळाच्या आधी दुपटं

कुणी भाकऱ्या थापत असाल, कुणी नुकत्याच रानातून येऊन टेकल्या असाल. हातातलं काम चालू राहू दे, फक्त कान इकडे द्या. आज बाळाच्या दुपट्याबद्दल बोलायचं आहे. कुणाकडे दुपटं म्हणतात, कुणाकडे बारकी गोधडी. आमच्या आजोळी मोठी असो की लहान, वाकळच म्हणायचे.

तुम्ही म्हणाल, दुपटं शिवायला आम्हाला रेडिओवरून काय शिकवता? खरं आहे. तुमच्यातल्या कितीतरी जणींनी घरभर माणसांच्या गोधड्या शिवल्या आहेत. तुमच्या टाक्याला मी नावं ठेवणार नाही. मला दोनच गोष्टी बोलायच्या आहेत. दुपटं कधी शिवायचं, आणि किती जाड शिवायचं.

आधी कधी ते. आपल्याकडे बहुतेक घरांत बाळ जन्मल्यावर दुपट्याची गडबड सुरू होते. बाळंतविडा बारशाला येतो, म्हणजे बाराव्या दिवशी. झबली, टोपडी, कुंची, दुपटी, सगळं हळदीकुंकू लावून छान मांडलेलं असतं. पण बाळाला उबेची सगळ्यात जास्त गरज असते ती जन्मल्यावरच्या पहिल्या तासात, आणि मग पहिल्या काही दिवसांत.

का, ते सांगते. डोक्यावरून पाणी घेऊन ओल्या केसांनी पहाटे अंगणात आलं की कसं हुडहुडतं? बाळ तसंच ओलं बाहेर येतं. अंगावरचं पाणी वाळताना अंगातली ऊब घेऊन जातं. आपण निदान कुडकुडतो, त्यानं अंगात थोडी ऊब येते. नवजात बाळाला नीट कुडकुडताही येत नाही. नवजात बाळाच्या अंगाचं तापमान साडेछत्तीस ते साडेसदतीस अंश सेल्सिअस असावं लागतं. त्याच्या खाली गेलं की बाळ मलूल पडतं, ओढून दूध पीत नाही. दूध पोटात नाही म्हणजे ऊब तयार करायला अंगात ताकद नाही, म्हणून ते आणखी गार पडतं. अडीच किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाला तर यात फार वेळ लागत नाही.

अशा वेळी पिशवीत धुतलेलं, वाळलेलं कापड आहे का, हा प्रश्न असतो. पुष्कळदा नसतं. रात्रीची वेळ, दुकानं बंद, बाप मोटारसायकल घेऊन घराकडे सुटतो, आणि तोवर बाळ कुणाच्या तरी शालीत, नाहीतर आत्याबाईंच्या पदरात.

कापड नसतं, कारण बाळ यायच्या आधी बाळाचं काही करू नये असं आपल्याकडे मानतात. या रीतीला मी हसणार नाही. आपल्या आज्या-पणज्यांच्या काळात घराघरात बाळं जायची. शिवलेलं झबलं तसंच ट्रंकेत राहिलेल्या बाईनं पुढं सुनेला सांगितलं असेल, आधी नको गं काही करूस. मला तरी या रीतीचं मूळ तिथं दिसतं. पण त्याच भीतीपोटी आज बाळ गार पडत असेल, तर वाट काढायला हवी.

आमच्या गटातल्या एका सासूबाईंनी ती काढली. सून सातव्या महिन्यात होती. दुपटं आधी शिवायला त्या तयारच होत नव्हत्या. मग म्हणाल्या, शिवा, पण एक कोपरा उघडा ठेवा. पुरं झालं नाही, म्हणजे आधी केलं असं होत नाही. तीन कोपरे शिवले, चौथ्याला नुसता कच्चा टाका घातला, दुपटं धुऊन दवाखान्याच्या पिशवीत ठेवलं. बाळ झालं, त्याच दुपट्यात आलं, आणि पाचवीला आजीनं स्वतः चौथा कोपरा पक्का शिवला. आता आमच्याकडे बऱ्याच जणी असंच करतात. ज्यांना अशी अडचण वाटत नाही त्यांनी चारही कोपरे शिवावेत. पण सातव्या महिन्यात ओटी भरली की कापड भिजत घाला. नवव्याची वाट बघू नका, काही बाळं आठव्यातच येतात.

आता कापड. जुनं, सुती, पुष्कळ वेळा धुतलेलं. वापरून मऊ पडलेलं लुगडं किंवा साडी आणि आजोबांचं धोतर, यापरतं चांगलं काही नाही. हल्ली सुती म्हणून मिळणाऱ्या साड्यांत मिसळ असते. शंका आली तर काठाचा एक धागा उपसा आणि चुलीपाशी पेटवून बघा. सुती धागा कागदासारखा जळतो आणि राख होते. दुसरा वितळतो आणि त्याची कडक गोळी होते. गोळी झाली तर ती साडी बाळाला नको. त्या कापडात मूत शोषलं जात नाही, घाम शोषला जात नाही, आणि ठिणगी पडली तर ते वितळून कातडीला चिकटतं.

कापड गरम पाण्यात धुवा. खळ नको, नीळ नको. रंगीत असेल तर ओल्या पांढऱ्या फडक्यावर घासून बघा, रंग सुटला तर बाजूला ठेवा. जरीचा काठ कापून टाका, तो बोचतो. टिकल्या, मणी, आरसे, गोंडे मोठ्या माणसाच्या गोधडीला शोभतात. बाळाच्या दुपट्याला यातलं काहीही लावायचं नाही, तुटून तोंडात जातं. आणि ज्या पेटीत डांबराच्या गोळ्या होत्या त्या पेटीतलं कापड तसंच वापरू नका. काही बाळांच्या रक्तात जन्मजात एक कमतरता असते. त्या बाळांना या गोळ्यांच्या वासानंसुद्धा कावीळ होऊन ती जोरात वाढते, आणि कोणत्या बाळात ही कमतरता आहे ते वरून कळत नाही. शिवलेलं दुपटं ठेवायचं तर वाळलेला कडुलिंबाचा पाला घाला, नाहीतर नुसतं स्वच्छ पिशवीत बांधून ठेवा.

माप सोपं आहे. दोन हात लांब, दोन हात रुंद, म्हणजे ३६ इंच चौरस. जन्मलेलं बाळ साधारण २० इंचांचं असतं, तेव्हा एवढ्यात ते नीट गुंडाळता येतं आणि वर कापड लोंबत नाही. साडेपाच मीटरच्या साडीचे असे सहा तुकडे निघतात. बसून विरलेला भाग सोडला तरी चार चांगले मिळतात. त्यात धोतराचे दोन तुकडे घातले की तीन थरांची दोन दुपटी झाली. साडीचे दोन थर बाहेरून आणि मध्ये, धोतराचा पांढरा थर आतून, बाळाच्या अंगाकडे. पांढरं आत घेण्याचं कारण आहे. नाळेतून रक्त आलं, पू आला, शी-शूचा रंग बदलला, तर पांढऱ्यावर लगेच दिसतं. फुलाफुलाच्या कापडावर दिसत नाही.

इथं जाडीचा विषय येतो, आणि यावर माझं बऱ्याच आज्यांशी भांडण झालेलं आहे. त्या म्हणतात, तीन थर म्हणजे काय दुपटं झालं? थंडीत सात तरी हवेत. बघा, ऊब कापडात नसते, थरांच्या मध्ये अडकलेल्या हवेत असते. म्हणून एक सात थरांचं शिवण्यापेक्षा तीन थरांची दोन शिवा आणि थंडी असेल तेव्हा एकावर एक घ्या. मधे आणखी एक हवेचा थर मिळतो, ऊन वाढलं की एक काढता येतं. आणि खरी गोष्ट वाळण्याची आहे. बाळ दिवसातून किती वेळा भिजवतं ते तुम्हाला माहीत आहे. पौषातलं ऊन चारला उतरतं. तीन थर त्यात खडखडीत वाळतात. सात थरांचं दुपटं वरून कोरडं लागतं आणि पोटात दमट राहतं. रात्री तेच बाळावर घातलं तर ते बाळाची ऊब ओढत बसतं.

शिवताना थर जमिनीवर पसरा, तळहातानं सुरकुत्या बाहेर काढा, चार कोपऱ्यांवर चार तांबे ठेवा. आधी कच्चा टाका घाला. मग कडा आत दुमडून काठापासून सुरू करा आणि फिरत फिरत मध्याकडे या, आपली नेहमीची रीत. धावदोऱ्याचा टाका ज्वारीच्या दाण्याएवढा, आणि दोन ओळींत दोन बोटांचं अंतर. मोठ्या गोधडीला आपण हौसेनं दाट टाके घालतो. बाळाच्या दुपट्याला तसं केलं तर ते पुठ्ठ्यासारखं होतं आणि मधली हवा दबून जाते. फार विरळ घातले तर दोन धुण्यांत आतला थर गोळा होतो. गाठ नेहमी दोन थरांच्या मध्ये दडवा, कातडीला लागता कामा नये. दोऱ्याची शेपटं कापा. लोंबता दोरा बाळाच्या पायाच्या बोटाला गुंडाळला जातो, आवळतो आणि बोट काळंनिळं पडतं, तरी बाळ नुसतं रडत राहतं आणि आपल्याला वाटतं पोट दुखतंय.

आणि सुया मोजा. गटात चौघी मिळून शिवत असाल तर बसताना किती सुया काढल्या आणि उठताना किती परत आल्या, हे एकीनं बघायचंच. शिवून झाल्यावर सगळ्या दुपट्यावरून लोहचुंबक फिरवा. जुन्या बिघडलेल्या रेडिओच्या कर्ण्यातलं चुंबक या कामाला झकास.

आता वापराचं. पिशवीत चार गोष्टी ठेवा, दोन जुनी मऊ फडकी, दोन दुपटी, आणि जोडीला टोपडं-मोजे. बाळ आलं की एका फडक्यानं पुसायचं आणि ते ओलं फडकं लगेच बाजूला टाकायचं, त्यातच गुंडाळून ठेवायचं नाही. मग बाळ आईच्या उघड्या छातीवर, कातडीला कातडी, डोक्याला टोपडं, आणि दुपटं दोघांच्या वरून. आईच्या अंगाइतकी ऊब कुठल्याच दुपट्यात नाही. दुपट्याचं काम ती ऊब राखण्याचं. १९७८ साली कोलंबिया देशात बोगोटा शहरातल्या डॉक्टरांनी काचेच्या पेट्या पुरत नव्हत्या म्हणून कमी वजनाची बाळं आईच्या छातीशी बांधून ठेवायला सुरुवात केली. तीच पद्धत आज आपल्या सरकारी दवाखान्यातही शिकवतात, कांगारू पद्धत म्हणतात तिला. पहिली आंघोळही घाईनं नको, निदान २४ तास जाऊ द्या.

घरी आल्यावर बाळाच्या पोटाला आणि तळपायाला हात लावून बघायची सवय ठेवा. दोन्ही कोमट, तर ठीक. पोट कोमट आणि पाय गार, तर बाळाला थंडी वाजतेय, छातीशी घ्या, पाजा. पोटही गार लागलं आणि बाळ दूध ओढत नसेल, तर घरात शेकत बसू नका. छातीशी धरूनच दवाखाना गाठा, १०८ ला फोन करा. आणि उलटंही ध्यानात ठेवा, चैत्र-वैशाखात बाळाला घाम येतोय, अंग तापलंय, तरी गुंडाळून ठेवणाऱ्या घरांत मी गेलेली आहे. तिथं एक सुती झबलं पुरतं. कुठल्याही ऋतूत दुपटं तोंडावर जाता कामा नये, झोपलेल्या बाळाच्या आसपास सैल कापड नको. आणि दारं लावून बाजेखाली शेगडी ठेवू नका. कोळशाचा विखारी वायू दिसत नाही, बाळालाही लागतो आणि बाळंतिणीलाही.

यात नुसत्या गोधडीनं बाळ वाचतं असं मी म्हणत नाही. गडचिरोलीत 'सर्च' संस्थेच्या डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच बायांना शिकवून घरोघर नवजात बाळांची काळजी घेतली. ऊब, दूध, स्वच्छता, न्यूमोनिया आणि जंतुसंसर्ग ओळखून औषध, असं सगळं मिळून. त्या गावांत नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून खाली आले. १९९९ मध्ये हे काम 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात छापून आलं. आज आपल्या आशाताई बाळ घरी आल्यावर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी येतात, ती याच वाटेनं आलेली गोष्ट. त्या आल्या की चहाआधी बाळाचं तापमान बघायला सांगा.

शेवटचं एक काम आहे. ऊसतोडीच्या बाया आता कारखान्यावर आल्या आहेत. काही जणींचे दिवस भरत आले आहेत. पाचटाच्या आणि ताडपत्रीच्या कोपीत, नदीकाठच्या थंडीत, ना जवळ माहेर ना आजोबांचं धोतर. आमच्या गटानं ठरवलंय, या महिन्यात वीस दुपटी शिवून आशाताईंकडे द्यायची. कुणाकडे जुनं सुती लुगडं, धोतर असेल तर धुऊन, वाळवून, चौकोनी घडी करून गटाच्या बैठकीला घेऊन या. विरलेलं असलं तरी चालेल, मधल्या थराला घेऊ. सुई ज्याची त्यानं आणायची, दोरा गट देईल.