आधी त्याच्याच घरी जा



दावीद राजाने काय केले, हे राजवाड्यातल्या काही जणांना तरी ठाऊक होते. उरीया हा त्याच्याच सैन्यातला शूर, इमानी शिपाई. राजाने त्याच्या बायकोला, बथशेबेला, बोलावून घेतले. प्रकरण अंगाशी येऊ लागले, तेव्हा राब्बाच्या वेढ्यात जिथे लढाई सर्वांत तुंबळ, तिथे उरीयाला उभे करायला लावले. तो मारला गेला. सेनापती यवाबाने तर तो हुकूम बिनबोभाट पाळला. राजासमोर कोणी तोंड उघडल्याचे शास्त्रात दिसत नाही.

मग नाथान संदेष्टा आला. देवाने पाठवले म्हणून आला, स्वतःचा संताप मोकळा करायला नव्हे. त्याने थेट आरोप केला नाही. एका गरिबाची गोष्ट सांगितली. त्याच्याजवळ एकच लहान मेंढी होती. ती त्याच्या घासातला घास खायची, त्याच्या कुशीत निजायची. एका श्रीमंताने घरी आलेल्या पाहुण्यासाठी आपल्या कळपाला हात न लावता तीच नेऊन कापली. दावीद स्वतः मेंढरे राखून मोठा झालेला. त्याचे रक्त उसळले आणि त्याने त्या श्रीमंताला मरणाची शिक्षा सुनावली. त्यानंतरच नाथानाने सांगितले की तो अपराधी दुसरातिसरा कोणी नाही, समोर बसलेला राजाच आहे.

या भेटीत नाथानाने अपराध सौम्य करून सांगितला नाही. व्यभिचार आणि खून दोन्ही उघड बोलून दाखवले, पुढे भोगावे लागणारे परिणामही सांगितले. पण दावीदाने कबुली देताच देवाने क्षमा केली हेही त्यानेच, तिथल्या तिथे सांगितले. दोष दाखवणारा आणि क्षमेची बातमी देणारा माणूस एकच होता. पुढे दावीद म्हातारपणी अंथरुणाला खिळला, तेव्हाही हाच नाथान राज्याच्या वारसाच्या काळजीने त्याच्याकडे गेला. बथशेबेपासून झालेल्या दावीदाच्या एका मुलाचे नावही नाथान होते. ते या संदेष्ट्यावरूनच ठेवले असे शास्त्र सांगत नाही. मला मात्र तसे वाटत राहते. आपली चूक ज्याने तोंडावर सांगितली, त्याचे नाव आपल्या लेकराला द्यावेसे वाटणे, याहून मोठी पावती कोणती?

प्रभू येशूने मत्तयाच्या अठराव्या अध्यायात नेमका हाच मार्ग घालून दिला. भावाने अपराध केला तर आधी एकट्याने जा, दोघांतच बोला. त्याने ऐकले तर तुमचा भाऊ तुम्हाला मिळाला. नाही ऐकले तर एकदोघांना बरोबर घ्या. तरीही नाही, तर मग मंडळीला कळवा. या शिकवणीच्या आधी हरवलेल्या मेंढराचा दाखला आहे आणि नंतर पेत्राचा प्रश्न, भावाला किती वेळा क्षमा करावी. या दोहोंच्या मधे ठेवूनच ती वाचायला हवी.

आपल्याकडे हा क्रम पार उलटा झाला आहे. आधी सगळ्या मंडळीला कळते, मग नातेवाइकांना, आणि ज्याच्याविषयी बोलणे चालले त्याला सर्वांत शेवटी. कधी ते प्रार्थनेच्या विनंतीच्या रूपाने येते. अमक्याच्या घरासाठी प्रार्थना करा, म्हणत घरातली सगळी गोष्ट प्रार्थनासभेत किंवा व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर पसरते. हे पाप आहे. आपण त्याला काळजी म्हणणे थांबवले पाहिजे.

मग उघडपणे कधीच बोलायचे नाही का? बोलावे लागते. अंत्युखियात पेत्र परराष्ट्रीय विश्वासणाऱ्यांच्या पंगतीला बसत असे. यरुशलेमहून काही जण आले, तसा तो घाबरून बाजूला झाला. त्याचे पाहून बर्णबाही सरकला. पंगतीतून उठून जाण्याने माणसाच्या काळजाला काय होते, हे आपल्या मुलखात कोणाला समजावून सांगायला नको. तो घाव सर्वांदेखत बसला होता, म्हणून पौलाने पेत्राला सर्वांदेखतच सुनावले. तिथे गप्प राहणे म्हणजे पेत्राचा मान राखून त्या नव्या विश्वासणाऱ्यांचा अपमान करणे झाले असते. ज्याच्यावर अन्याय झाला, त्याला विसरून दाखवलेला सौम्यपणा ख्रिस्ताचा नव्हे.

आणि करिंथकरांना पौलाने लिहिलेले आपण फार कमी वेळा वाचतो. तिथल्या मंडळीने एका माणसाला शिक्षा केली होती. पौल लिहितो की झाली तेवढी शिक्षा पुरे. आता त्याला क्षमा करा, धीर द्या, नाहीतर तो दुःखात बुडून जाईल. आपल्या मंडळ्या इथे कमी पडतात. प्रभुभोजनापासून दूर ठेवल्याची नोंद वहीत होते. पश्चात्ताप केलेल्या माणसाला परत आणायला मात्र कोणी जात नाही. तो मागच्या बाकावर बसू लागतो, पुढे येईनासा होतो.

श्रोतेहो, कोणाची चूक तुमच्या मनात सलत असेल तर ती तिसऱ्याला सांगू नका. त्या माणसासाठी मनापासून प्रार्थना करता येत नाही, तोवर जाऊही नका. प्रार्थना करता आली, की एकट्याने जा, आधी त्याचे ऐका, मग नीट, स्पष्ट सांगा. आणि शिक्षा भोगून झालेला कोणी तुमच्या मंडळीत असेल, तर येत्या रविवारी त्याच्या घरावरून जा आणि त्याला उपासनेला सोबत घेऊन या.